थकबाकीच्या यादीत नवऱ्याचं नाव

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून)

माझं वय ३६, ह्यांचं ४२. देवगड तालुक्यात आमची आंब्याची दीडशे कलमं आहेत, शिवाय पर्यटकांसाठी दोन खोल्या. मी गावच्या विकास सोसायटीत, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, क्लार्क आहे. हे मनाने चांगले, व्यसन नाही. बंद पडलेला पंप रात्रभर जागून दुरुस्त करतील, पण वीजबिल भरायला सांगितलं तर तीन महिने खिशात घेऊन फिरतील. औषध आणून पडवीत ठेवलं आणि दुसरी फवारणी राहिली ती राहिलीच. एका शनिवारी दोन कुटुंबांना तीच खोली दिली. यंदा वाशीच्या दलालाकडून पैसे आले, "उद्या सोसायटीत भरतो" म्हणाले. नंतर "भरले" म्हणाले. भरले नव्हते. थकबाकीदारांची यादी मीच टाइप करते, तिच्यात नवऱ्याचं नाव मी माझ्या हाताने टाकलं.

गेल्या वर्षीचा नुसता भुर्दंड वहीत लिहिला. पीककर्जाची व्याजसवलत गेली ते १८ हजार, गाडीच्या विम्याचा बोनस ४ हजार, खोलीच्या गोंधळाचे ६ हजार, रिटर्न उशिरा भरल्याचा दंड १ हजार, मधमाशीच्या पेट्या आणि सोलर ड्रायर २२ हजार. पेट्या रिकाम्या पडून आहेत. एकूण ५१ हजार.

आमच्या चौथीतल्या मुलाला डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आणि अति चुळबुळीचा त्रास. डॉक्टर एकेक लक्षण विचारत होत्या आणि मी ह्यांच्याकडे बघत होते. घरी आल्यावर ते म्हणाले, "मग मला पण तोच आजार असणार." सासूबाई म्हणतात, "तो ल्हानपणापासून असोच आसा, बायलेन सांभाळून घेवक व्हया." दीर गणपतीला मुंबईहून येतात आणि सगळ्यांसमोर ह्यांना बेजबाबदार म्हणतात. मला एवढंच सांगा, हा आजार आहे की सबब? आणि मी किती वर्षं सांभाळून घेऊ?

उत्तर

ताई, तुमची वही मी दोनदा वाचली. तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे आकडे दिसले की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. तुमची बेरीज बरोबर आहे, पण वही अपुरी आहे. काय राहिलंय ते पुढे सांगते.

मी डॉक्टर नाही. तुमच्या यजमानांना हा त्रास आहे की नाही हे पत्रावरून मी सांगणार नाही, कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पण माणसाच्या हातून पैसे कसे गळतात हे मी काउंटरच्या या बाजूने पुष्कळ पाहिलंय. आधी त्यातलं एक.

रत्नागिरीजवळच्या एका शाखेत होते तेव्हा टेम्पोचं कर्ज घेतलेले एक गृहस्थ होते. त्यांची मुदत ठेव आमच्याच शाखेत आणि बचत खात्यात हप्त्याच्या तिप्पट शिल्लक. तरी हप्ते थकले. ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादित होतं, म्हणजे थकीत कर्जांच्या रांगेत जातं, तसं झालं. मी नोटिसांवर नोटिसा काढल्या आणि मनातल्या मनात त्यांना मुजोर ठरवून मोकळी झाले. ते बँकेच्या पायरीपर्यंत यायचे, तिथे कोणीतरी भेटायचं, दोघं चहाला जायचे आणि आमचे ग्राहक तिकडूनच घरी. एके दिवशी आले ते सुतळीने बांधलेला गठ्ठा घेऊन. माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच फोडा, माझ्याने होत नाही." चौदा पाकिटं, एकही फोडलेलं नाही. मी कात्रीने एकेक कापत होते आणि ते मान खाली घालून पासबुकाची प्लास्टिकची पिशवी चुरगाळत होते. बचत खात्यातून हप्ता वळता करायच्या कागदावर सही करायला चार मिनिटं लागली. तेवढ्यासाठी सहा महिने, दंडव्याज आणि सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या गुणांचा, बोजवारा.

'एडीएचडी' हा शब्द तेव्हा मला माहीत नव्हता. ते गृहस्थ त्यातले होते की नव्हते हेही आता कळायचं नाही. पण पैसे असून हप्ते थकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आता आजाराबद्दल. इंग्रजी नावात 'अटेन्शन डेफिसिट', म्हणजे 'लक्ष कमी' असं असल्याने सगळा घोटाळा होतो. लक्ष कमी असतं तर माणूस रात्रभर पंप खोलून बसला नसता. तुमच्याकडच्या खारबंधाऱ्याची उघाडी, म्हणजे बांधातली झापड लावलेली पाण्याची वाट, आठवा. ओहोटीला झापड आपसूक उघडते, भरतीला मिटते, म्हणून शेतात खारं पाणी शिरत नाही. झापड गंजली की खाडीत पाणी तेवढंच असतं, पण नको तेव्हा आत घुसतं आणि हवं तेव्हा बाहेर जात नाही. या माणसांचं लक्ष असं असतं. ज्यात गोडी आहे, जे नवं आहे किंवा जे आत्ता पेटलंय, तिकडे सगळं पाणी. दहा दिवसांनी भरायचं बिल म्हणजे त्यांच्या लेखी नसलेलंच बिल.

हे कालपरवाचं फॅड नाही. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये अशा मुलांचं वर्णन करून ठेवलंय. मोठेपणी ते आपोआप जातं, असं मात्र पुढे कित्येक वर्षं मानलं गेलं. आज डॉक्टर मोठ्या माणसांतही निदान करतात, पण अट अशी की काही लक्षणं बारा वर्षांच्या आतली हवीत. चाळिशीत एकाएकी सुरू झालेला विसराळूपणा म्हणजे एडीएचडी नव्हे, तिथे थायरॉईड, झोप, नैराश्य असं दुसरंच काही शोधावं लागतं. आणि हो, हे घराण्यात चालतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो, म्हणजे जवळपास उंचीइतका. मुलाच्या तपासणीच्या खोलीत बापाची ओळख पटलेल्या तुम्ही पहिल्या नाही. पुष्कळांचं निदान असंच, मुलामागून होतं.

सबब की आजार? तुमच्याच पत्रात एक ओळ आहे, वर छापताना मी ती गाळली होती. हे भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि स्पर्धेचा अर्ज भरायचं काम त्यांच्याकडे असताना सलग दुसऱ्या वर्षी तारीख गेली. मंडळाने बोलणं टाकलं, हे दोन दिवस जेवले नाहीत. निव्वळ बेफिकीर माणूस बायकोचं काम विसरतो, स्वतःच्या जिवाभावाचं विसरत नाही. तुमचे यजमान दोन्ही विसरतात. म्हणून मी म्हणेन, डॉक्टरांना दाखवा.

पण "भरले" म्हणून सांगितलं आणि भरले नव्हते, ते या खात्यात घालू नका. विसरणं आजाराचं असेल, खोटं बोलणं त्यांचं स्वतःचं. लाजेपोटी बोलले असतील, आयुष्यभर बोलणी खाल्लेला माणूस असं बोलतो हे मला कळतं. तरी त्याचा जाब वेगळा मागायचा. निदान झालं तर कारण कळेल, कर्ज माफ होणार नाही.

आता तुमच्या वहीकडे. तुम्ही भुर्दंड लिहिलात, बुडालेलं उत्पन्न लिहिलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीतून दहा देशांतल्या कामकरी माणसांचा एक अभ्यास २००८ मध्ये आला. एडीएचडी असलेल्या माणसाचे इतरांपेक्षा वर्षाला सरासरी २२ दिवस जास्त वाया जातात, असं त्यात निघालं. काही दिवस कामावर न जाऊन, काही जाऊनही धड काम न होऊन. पगारी नोकरीत २२ दिवस म्हणजे पाऊण महिन्याचा पगार. बागायतदाराला तसं मोजता येत नाही. त्यातले चार दिवस मोहोरावर तुडतुडे आले त्या आठवड्यातले असतील तर? वर्षभराचा आंबा त्या चार दिवसांत जातो. राहिलेली दुसरी फवारणी तुमच्या वहीत शून्य रुपयांना पडलीय, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महाग आहे.

अमेरिकेत २०२२ मध्ये मोठ्यांच्या एडीएचडीचा वर्षाचा जादा बोजा मांडला गेला, तो १२२ अब्ज डॉलरच्या वर निघाला. तिथले डॉलर आपल्या काय कामाचे, पण त्यातली वाटणी बघण्यासारखी आहे. निम्म्याहून जास्त रक्कम बेरोजगारीची, त्याखालोखाल कामातलं नुकसान. दवाखाना आणि औषधं त्या मानाने किरकोळ. उपचाराचा खर्च परवडेल का, असं लोक मला विचारतात. उपचार न करण्याचा खर्च तुम्ही स्वतः वहीत लिहून पाठवलाय, तोही अर्धाच.

आणि रस्ता. हंगामात ते रात्री पेट्या भरून पिकअप स्वतः घाटातून नेतात, असं तुम्ही लिहिता. स्वीडनमध्ये सतरा हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध चालू असलेल्या काळात पुरुष रुग्णांचे गंभीर अपघात ५८ टक्क्यांनी कमी दिसले. हे वाचून मला तुमची वही बाजूला ठेवावीशी वाटली. पुढच्या हंगामापर्यंत निदानाचा निकाल लागला नसेल तर रात्रीच्या गाडीवर ड्रायव्हर ठेवा. यात घासाघीस करू नका.

वहीत न आलेला दुसरा खर्च तुम्ही स्वतः आहात. तारखा तुमच्या डोक्यात, पाहुण्यांना खोटी कारणं तुमच्या तोंडून, मुलाच्या वह्याही तुम्हीच शोधायच्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर "गॅस बुक केलात का?" हेही तुम्हीच. बारा वर्षं अशी काढल्यावर बायकोची आई होते आणि नवऱ्याचा चुकार मुलगा. मग तो लपवायला लागतो आणि तुम्ही तपासायला. सासूबाईंच्या 'सांभाळून घेवक व्हया' मध्ये हे सगळं फुकट धरलेलं आहे.

म्हणून माझं सांगणं, तुम्ही त्यांची स्मरणवही होणं थांबवा. आठवण तुम्हा दोघांच्या डोक्याबाहेर कुठेतरी नेऊन ठेवा. कर्ज सोसायटीचं, तुम्ही तिथेच बसता. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज पडत नाही आणि तारीख चुकली की सगळं अंगावर येतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. तेव्हा दलालाचे पैसे ज्या खात्यात येतात त्याच खात्यातून परतफेडीची कायम सूचना बँकेला लेखी द्या. ही सही ते एकदा करतील, दरवर्षीची करणार नाहीत. वीजबिल, गाडीचा विमा यांचंही तसंच. गाडीच्या विम्याची मुदत संपून ९० दिवस गेले की नो क्लेम बोनस बुडतो, तुमचे ४ हजार असेच गेले.

खोल्यांचं बुकिंग तुमच्याकडे घ्या आणि त्याचे पैसेही तुमच्या खात्यात घ्या. काम तुम्ही करायचं आणि पैसे त्यांच्या नावावर, हे आता पुरे. पाहुण्यांना खाडीत फिरवणं, मासे दाखवणं, गप्पा मारणं त्यांच्याकडे राहू दे. त्यात ते कोणालाही हार जाणार नाहीत, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

फवारणीला शेजारच्या बागायतदाराशी वार बांधून घ्या, आज तुमची बाग, उद्या त्याची. एकट्याने जे काम चार दिवस ढकललं जातं, ते दुसरा माणूस पंप घेऊन दारात उभा राहिला की सकाळीच सुरू होतं. यामागचं शास्त्र डॉक्टर सांगतील, पण लावणीला सगळी वाडी एकत्र का उतरते हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. मोबाईलच्या गजरावर फार विसंबू नका, अंगठ्याने बंद होणारी गोष्ट ती. फवारणीच्या औषधाचा डबा मोटरसायकलच्या सीटवर ठेवा. तो उचलल्याशिवाय त्यांना बाजारात जाता येणार नाही.

आणि पाकिटं. आठवड्यातला एक वार ठरवा, चहा ठेवा, आलेली सगळी पत्रं अर्ध्या तासात दोघांनी मिळून फोडायची. त्या अर्ध्या तासात टोमणा मारायचा नाही. हे कठीण आहे. माझ्या हातात कात्री होती तेव्हा मलाही जमलं नव्हतं.

डॉक्टरांकडे कसं न्यायचं? सासूबाईंसमोर विषय काढू नका, गणपतीत तर मुळीच नाही. तुमच्याकडचा जुना विनोद मला ठाऊक आहे, जरा कोणी वेगळं वागलं की "तेका रत्नागिरीक धाडूक व्हयो". रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं, म्हणजे हा विनोद आपल्या पणजोबांच्या काळचा असणार. त्यापायी किती माणसं बाह्यरुग्ण विभागाच्या दारातून परत फिरली असतील कोण जाणे. तुम्हाला तिथवर जायची गरजही नाही. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. किंवा १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि घरातल्या घरात राहतं. त्यांनी स्वतःच "मला पण तोच आजार असणार" म्हटलंय ना, मग अर्धं काम झालेलं आहे. मुलाच्या पुढच्या तपासणीला दोघांना एकत्र पाठवा आणि तुम्ही घरी थांबा.

जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची एक चाळणी आहे, ती त्यांना स्वतःला भरू दे. तुम्ही शेजारी बसून "हे पण लिहा, ते पण लिहा" करू नका. ती भरली म्हणजे निदान झालं असं नाही, पुढे डॉक्टर लहानपणाबद्दल विचारतील. तिथे सासूबाईंना न्या. "ल्हानपणापासून असोच आसा" हे वाक्य तुम्हाला बारा वर्षं टोचतंय, डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं. पाटी कितीदा हरवली, वर्गात कुठे उभं केलं, झाडावरून कितीदा पडला हे त्यांच्याइतकं कोणाला आठवणार? लेकाला बोल लावायला म्हणून त्यांना बोलावू नका, साक्ष द्यायला बोलवा. बघा, घरातलं बोलणंही जरा बदलेल.

औषधांबद्दल थोडं. मिथाइलफेनिडेट हे यातलं जुनं आणि पुष्कळ वापरलं गेलेलं औषध. ते १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं, म्हणून प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय मिळतच नाही. कायद्याचं नाव ऐकून घाबरू नका, आणि मुलाची गोळी बापाने घेऊन बघण्याचा उद्योगही करू नका. ॲटोमॉक्सेटीन हे वेगळ्या जातीचं, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. रक्तदाब, हृदय बघून डॉक्टर ठरवतील. गंमत अशी की विसरणाऱ्या माणसाला दर महिन्याला चिठ्ठी घेऊन लांबच्या दुकानात जायचं असतं. मुलाचं आणि बापाचं औषध एकाच दिवशी आणायचं ठेवा, कालनिर्णयवर तो दिवस मुलाला लाल पेनने रंगवू दे. आरोग्य विमा असेल तर कागद बघून ठेवा. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला हवं, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो.

दिरांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. निदान झालं तरी ते गणपतीच्या पाच दिवसांत आरास आणि आरत्यांच्या मध्ये समजावून सांगण्याचा विषय नाही. सांगायचंच तर तुमचे यजमान सांगतील, त्यांना वाटेल तेव्हा. तुम्ही फक्त त्या वेळी उठून स्वयंपाकघरात जाऊ नका, शेजारी बसून राहा.

तुम्ही किती वर्षं सांभाळून घ्यायचं? त्यांनी डॉक्टरांकडे जायचं आणि पैशांच्या सह्या करून द्यायच्या, एवढ्या दोन गोष्टी त्यांच्या बाजूच्या. आता पाऊस लागलाय, बागेत गडबड नाही. दिवाळीपर्यंत मुदत द्या, मोहोर त्यानंतर आहे. तोवर दोन्ही झाल्या तर पुढचा हंगाम निराळा जाईल. काहीच केलं नाही तर मग आजाराच्या नावाखाली तुम्ही एकट्याने भुर्दंड भरत बसू नका. तेव्हा मला पुन्हा लिहा, बोलणं जरा कडक असेल.

रिकाम्या मधमाशीच्या पेट्या विकून टाकू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. तुम्ही विकू नका. त्यांना विचारा, गणपतीपर्यंत माश्या येतील का? नाही आल्या तर ते स्वतः विकतील आणि आलेले पैसे पुढच्या छंदाच्या डब्यात टाकतील. पुढचा छंद येणारच आहे. फक्त त्या डब्यात असतील तेवढ्याच पैशांत तो भागवायचा, आणि डबा तुमच्या कपाटात ठेवायचा.